इनामदार बाई आणि कॅसेटवरचा कॉम्प्युटर

इनामदार बाई फळा पुसण्याआधी विचारायच्या. "पुसू का?" एकदा सगळ्या वर्गाला, एकदा मागच्या बाकांना, आणि डस्टर हातात घेतल्यावर पुन्हा एकदा, "बघा हं, पुसतेय." पोरं कंटाळून "पुसाऽ बाई" म्हणून ओरडायची, तेव्हा कुठे त्यांचा हात फळ्याला लागायचा. तरीही एखादं समीकरण कोपऱ्यात राहून जायचंच. त्यांच्या पाठोपाठ त्याच वर्गावर माझा विज्ञानाचा तास असायचा. त्यामुळे बेडकाचं हृदय मी कित्येकदा क्ष वर्गाच्या शेजारी काढलेलं आहे.

ही नव्वदीच्या अखेरची गोष्ट. आमचं हायस्कूल वेल्ह्याच्या रस्त्यावर एका लहानशा गावात होतं. मी कामथडीची, नुकतीच नोकरीला लागलेली. मुमताज इनामदार बाई भोरच्या आणि शाळेत सगळ्यांत जुन्या. त्या भोरहून एसटीने नसरापूर फाट्यावर यायच्या, मी कामथडीहून तिथे पोचलेली असायची, आणि मग वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघी उभ्या. बाई उंच, काटकुळ्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि काखेत बारा महिने छत्री. खडूचे बारके तुकडेसुद्धा त्या टाकत नसत. औषधाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायच्या आणि त्यातल्याच एखाद्या तुकड्याने अख्खं प्रमेय सिद्ध करायच्या.

एकदा शाळा तपासायला एक साहेब आले. बाईंचा नववीवर तास चालला होता. साहेबांना मुलांना काहीतरी स्वतः शिकवून दाखवायची हौस आली. त्यांनी डस्टर उचललं आणि अर्धवट सुटलेलं गणित एका फटक्यात पुसून टाकलं. मुख्याध्यापक दारात उभे होते, मी त्यांच्या मागे. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "विचारून पुसतात."

"काय?"

"दुसऱ्याचं लिहिलेलं विचारून पुसतात."

मुख्याध्यापकांना खोकला आला. साहेब भले गृहस्थ होते, ते "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाले आणि वर्गाबाहेर आले. नंतर स्टाफरूममध्ये बाईंनी त्यांची माफी मागितली. चहा येईपर्यंत एकदा आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा.

माफी मागणं हा बाईंचा दुसरा विशेष. "माझं चुकलं हं" हे त्यांच्या जिभेवरच असायचं. सुट्टे नाहीत म्हणून कंडक्टरची माफी, छत्रीचं पाणी पायावर सांडलं म्हणून शेजारच्या बाईची, रस्त्यात आडव्या आलेल्या कोंबडीचीसुद्धा. एकदा आठवीतल्या एका मुलाचा अर्धा गुण त्यांच्या हातून चुकून कापला गेला. निकाल लागल्यावर ते लक्षात आलं. मुलगा गुंजवण्याचा. सुट्टीनंतर सांगता आलं असतं, पण बाईंना दम निघेना. मलाही बरोबर घेतलं. राजगडाच्या पायथ्याला भाताची रोपं टाकायची कामं चालली होती. मुलाचे वडील चिखलाचे पाय घेऊन बांधावर आले. बाईंनी अर्ध्या गुणाची हकिगत सांगितली आणि म्हणाल्या, "माझं चुकलं."

ते हसले. "बाई, अर्ध्या मार्कापायी हितवर आलात व्हय? हितं धरणापायी आख्खं गाव हलायची येळ आलीया."

"म्हणून तर आले," बाई म्हणाल्या. "तुम्ही हललात तर मी कुठं शोधू?"

येताना आम्हाला त्यांनी आंबेमोहोर तांदळाची पिशवी दिली. मला बाईंचं कौतुक वाटलं. किती निर्मळ मन, चूक झाली की लगेच कबूल! फार दिवस मी तसंच समजत होते. माणूस सगळ्या जगाची माफी मागत सुटतो तेव्हा ती एखाद्याची मागायची राहून गेलेली असू शकते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या वर्षी शाळेला कुणीतरी एक कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, शिवून घेतलेल्या फुलाफुलांच्या झग्यात झाकून ठेवलेला असायचा. बूट काढून आत जावं लागे. मी पुण्याला कॉम्प्युटरचा छोटासा कोर्स केलेला, म्हणून झगा काढायचा मान माझा. सगळे शिक्षक बघायला आले, बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फाट्यावर त्यांनी एकदम विचारलं, "सुनंदा, कॅसेटवर चालणारा कॉम्प्युटर तू पाहिलायस का गं? टीव्हीला जोडायचा?"

मी ऐकून होते. पूर्वी, म्हणजे मी शाळेत असताना, असले घरगुती कॉम्प्युटर मिळायचे. पाटीएवढी पेटी, तिच्यावरच बटणं. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. गाण्याच्या कॅसेटवर गाण्याऐवजी प्रोग्रॅम भरायचा.

"ते आता कोण वापरतंय, बाई? मोडीत गेले सगळे."

"मोडीतच पाहिलाय," बाई म्हणाल्या. "पुण्याच्या जुन्या बाजारात. माझ्याबरोबर येशील?"

आम्ही पुढच्याच रविवारी गेलो. पितळी नळ, फुटके पंखे आणि कुलपांच्या ढिगात ती काळी पेटी पडली होती. रबराची करडी बटणं, एका कोपऱ्याला चरा. अडॅप्टर नाही. माहितीपुस्तिका होती, पण मागची पानं उंदरांनी खाल्लेली. "चालतो का?" मी विचारलं. विकणारा म्हणाला, "ताई, चालत असता तर इथं कशाला आला असता?" बाईंनी घासाघीस न करता तो घेतला आणि एसटीत भोरपर्यंत मांडीवर धरून ठेवला. मी घेते म्हटलं तर दिला नाही.

तेव्हापासून रविवारची दुपार बाईंच्या घरी. भोरमध्ये एका गल्लीत दोन खोल्या, स्वच्छ, एकटीच्या. आधी अडॅप्टर. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने त्याच्याकडचा एक दिला आणि "खुशाल लावा" म्हणाला. लावणार तेवढ्यात मी पेटीच्या पोटावरची खूण बघितली. हिचं अधिक-उणं नेहमीच्या उलटं होतं. तसाच लावला असता तर पेटी जळालीच असती. बाईंनी हातातली वायर खाली ठेवली आणि बराच वेळ तिला हात लावला नाही. मी वायर उलटी जोडून घेतली.

मग टीव्ही. बाईंचा टीव्ही कटकट आवाज करत फिरणाऱ्या बटणाचा, काळापांढरा. या पेटीचं चॅनल त्याच्या यादीतच नव्हतं. शेजारच्या शिर्केवहिनींनी नवा रंगीत टीव्ही घेतला होता. दुपारचा सिनेमा सोडून त्यांनी तो आम्हाला दिला, आणि अर्थात बाईंनी त्यांची माफी मागितली. मी चॅनल शोधत गेले. मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि अचानक पांढराशुभ्र पडदा. खाली एक बारीक इंग्रजी ओळ.

"आला!" मी ओरडले. शिर्केवहिनी म्हणाल्या, "एवढंच?" बाईंनी पदराने चष्मा पुसला.

पण बटणांची एक अख्खी ओळ मेलेली निघाली. पेटी उघडली. बटणांखालून निघालेली प्लास्टिकची पातळ फीत टोकाला तडकली होती. मी कात्रीने तडकलेलं टोक कापलं आणि उरलेली फीत खोबणीत पुन्हा बसवली. फीत आखूड झाली, जेमतेम पोचली, पण बटणं चालू झाली. कात्री चालवताना बाईंनी तोंड फिरवून घेतलं होतं.

शेवटचं काम टेपरेकॉर्डरचं. प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवला की ऐकायला तो नुसती कर्कश किंकाळी असतो. पत्र्यावर खिळा ओढावा तशी. ती किंकाळी स्वच्छ उमटली नाही तर कॉम्प्युटर काही घेतच नाही. त्यासाठी टेपच्या आतला एक बारका स्क्रू कानाने ऐकत फिरवावा लागतो. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. किंकाळी सुरू झाली. बाई उठून सरळ मोरीत गेल्या. मला वाटलं, आवाज सहन होत नाही. टेप बंद करून बघते तर बाई मोरीच्या कट्ट्यावर बसून रडत होत्या.

त्या दिवशी त्यांनी मला रशीदचं सांगितलं.

रशीद त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, बाईंनीच त्याला वाढवलं आणि त्याच्यापायी स्वतःचं लग्नबिग्न राहून गेलं. पोरगा हुशार. पुण्याला कॉलेज करता करता एका दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. दुकानदाराने असलीच एक पेटी त्याला वापरायला दिली होती. सुट्टीच्या दिवशी तो ती भोरला आणायचा आणि टीव्हीसमोर बसून असायचा. बाईंना वाटे, पोराला खूळ लागलंय. खूळ होतं मराठी अक्षरांचं. त्या यंत्राला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. रशीद चौकटीच्या कागदावर ठिपके भरून एकेक मराठी अक्षर पाडायचा, ठिपक्यांचे आकडे करायचा आणि ते यंत्रात घालायचा. कित्येक महिन्यांनी अ पासून ज्ञ पर्यंत झालं. बटण दाबलं की टीव्हीवर मराठी अक्षर. पुण्यातल्या एका कंपनीतल्या साहेबांनी त्याला ते घेऊन बोलावलं.

"आणि त्याच सुमाराला माझं रेडिओवर भाषण होतं," बाई म्हणाल्या. "‘गणिताची भीती’. माझं पहिलंच. आधी जाऊन वाचून आले होते आणि त्या संध्याकाळी लागणार होतं. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं मी. म्हटलं, भरून ठेवावं. कोरी कॅसेट सापडेना. फळीवर एक बिननावाची होती. लावून बघितली तर नुसतं चिरकत होती. मला वाटलं, खराब झालीय. घेतली भरून."

त्यांनी मोरीतला नळ घट्ट केला.

"तो साहेबांपुढे बसला. कॅसेट लावली. आणि माझा आवाज आला. ‘विद्यार्थी मित्रहो.’"

"मग?"

"संध्याकाळी घरी आला. हसत होता. म्हणाला, आपा, तुझं भाषण साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. लई आवडलं त्यांना." बाईंनी डोळे पुसले. "माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही गं. त्याच आठवड्यात त्याने पेटी दुकानदाराला परत दिली. कॉलेज सोडलं. आता किकवीला हायवेवर गॅरेज आहे त्याचं. बायको आहे, मुलं आहेत, सुखात आहे. ईदला येतो. पण त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही आणि मीही नाही. रोज ठरवते. नऊ-दहा वर्षं झाली."

मग मला फळ्याचंही कळलं आणि कोंबडीचंही.

बाईंचा बेत साधा होता. पेटी चालू करायची, तिच्यावर एक शब्द मराठीत उमटवायचा, किकवीला न्यायची आणि भावाची माफी मागायची. शब्द ठरलेला होता: रशीद. मी पुस्तिका वाचून रीत समजावली. एका अक्षराला एक घर, घरात आठ बाय आठ चौकटी, प्रत्येक आडव्या ओळीतल्या भरलेल्या चौकटींच्या आकड्यांची बेरीज. एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस. बाईंना ते सांगायलाच नको होतं. र आणि द लगेच जमले. शी मात्र एका घरात मावेना. श एका घरात, दीर्घ वेलांटी शेजारच्या घरात, असं करून त्यांनी ते बसवलं. एवढी चार घरं भरायला आमच्या दोन दुपारी गेल्या. चौथं घर भरून झाल्यावर बाई म्हणाल्या, "त्याने अख्खी बाराखडी केली होती."

प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवला. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मी हे सांगताच बाईंनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दोन्ही पट्ट्या तिथल्या तिथे मोडल्या.

किकवीला आम्ही रविवारी सकाळी गेलो. मांडीवर पेटी, पिशवीत टेप. पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज, मागे दोन खोल्या. रशीद एका टेम्पोखाली आडवा होता. बायको शबानाने आम्हाला आत नेलं, टीव्ही मोकळा करून दिला. ती पेटीकडे बघत होती. मी सगळं जोडलं, टेप लावला. किंकाळी सुरू झाली.

बाहेरचं ठोकणं थांबलं. रशीद हात पुसत दारात येऊन उभा राहिला. बाईंसारखाच उंच, दाढीत दोन-चार पांढरे केस. पडद्याच्या कडेला लाल-निळे पट्टे धावत होते, ते थांबले आणि चुकल्याचा निरोप आला. मी पुन्हा लावला. पुन्हा चुकला.

"आवाज कमी करा, ताई," तो दारातूनच म्हणाला. "लई वर ठिवला की घेत न्हाई ते."

मी कमी केला. पट्टे धावले, किंकाळी संपली आणि पडद्यावर अक्षरं आली. रशीद. जाडीभरडी, पण मराठी.

शबाना "अगं बाई!" म्हणाली. रशीद दोन पावलं आत आला आणि वाकून बघू लागला. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"वेलांटी तुटलीया," तो म्हणाला. "श वर टेकत न्हाई. तिची कमान मागच्या घरात न्यायला लागती. हितं." त्याने काचेवर बोट ठेवलं. काचेवर काळा डाग उमटला.

"रशीद," बाई म्हणाल्या, "मला बोलायचंय. ती कॅसेट..."

"माहितीय की. तुजाच आवाज हुता."

"मी बघितलं नाही रे. विचारलं नाही. माझं..."

"आपा, आपा." त्याने हात वर केला. "कॅसेटचं मला कधी काय वाटलंच न्हाई. मोप वेळा पुसून गेलं हुतं तसं, येकदा तर म्या सोताच पुसलं हुतं. परत भरलं असतं. निम्मे आकडे डोक्यातच हुते. तू बस खाली."

बाई बसल्या नाहीत. "मग सोडलंस का?"

रशीदने शबानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोलावं की नाही असं त्याला वाटत असावं.

"म्या घरी आलो तवा तू पीठ मळत हुतीस," तो म्हणाला. "म्या सांगितलं काय झालं ते. तू म्हणलीस, ‘गेलं ना एकदाचं ते खूळ? बरं झालं. आता तरी कामाचं बघ.’ मग बघितलं कामाचं."

"मी असं म्हणाले?"

"व्हय."

"मी काहीच बोलले नव्हते. माझ्या तोंडातून शब्द..."

"बोललीस, आपा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. किती नंबरचा पाना लागतो ते सांगावं तसं त्याने सांगितलं. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. "चहा ठेव गं," असं शबानाला सांगून तो गेला. बाई उभ्याच होत्या. कोंबडीची माफी मागणाऱ्या बाईंना त्या खोलीत एक शब्द सुचेना. आम्ही चहा घेतला. पेटी तिथेच ठेवून निघालो.

परतीच्या एसटीत बाईंनी कंडक्टरकडे पैसे दिले. कापूरहोळ आलं तशा माझ्याकडे वळल्या.

"सुनंदा, तो खोटं बोलेल असं तुला वाटतं?"

"नाही, बाई."

"मलाही नाही वाटत." छत्री सरळ करून त्या म्हणाल्या, "पीठ मळत होते हे खरं. हात पिठाचे होते म्हणून मला त्याला जवळ घेता आलं नाही, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलेय. पीठ खरं असेल तर बाकीचंही खरंच असणार." मग अगदी हळू, "पण मला आठवत नाही गं. जे आठवतच नाही त्याची माफी कशी मागायची? नुसतं तोंडदेखलं होईल ते."

मी त्यांच्या हातातली तिकिटं घेऊन पिशवीत ठेवली.

त्यानंतर बाई बदलल्या. येताजाता माफी मागणं बंद झालं. शिर्केवहिनींना वाटलं, बाई रागावल्या. आणि एक नवीनच सुरू झालं. तास संपताना त्या वर्गाला विचारायच्या, "आज मी कुणाला लागेलसं काही बोलले का?" पोरं एकमेकांकडे बघायची. शिक्षकांना असलं कुणी काय सांगणार? बरेच दिवस कुणी बोललं नाही. एकदा माझा तास सुरू व्हायचा होता म्हणून मी दाराशी थांबले होते, तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्ही मला म्हणलात, तुझं डोकं म्हणजे रिकामी घागर."

"आज?"

"न्हाई. दिवाळीच्या आधी."

बाईंनी आठवून बघितलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता, त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्या खाली उतरून तिच्या बाकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मला आठवत नाही. पण तुला आठवतंय म्हणजे मी बोलले. ते वाईट होतं आणि खोटं होतं." मुलगी रडायला लागली. बाई तिथेच उभ्या राहिल्या, घंटा झाली तरी. मी मग तो तास घेतलाच नाही.

मला वाटतं, त्यांना वाट सापडली ती त्या दिवशी. पुढच्याच रविवारी त्या एकट्या किकवीला गेल्या. सोमवारी फाट्यावर मी विचारलं, "बोललात?"

"बोलले. म्हटलं, मला आठवत नाही, पण तू म्हणतोस म्हणजे मी बोलले असेन. त्याने तुझं नुकसान झालं."

"मग? काय म्हणाला?"

"‘बरं’ म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच." त्या छत्रीच्या टोकाने मातीत रेघ ओढत होत्या. "आणि काय म्हणेल? त्याची ती वर्षं काय माझ्या पिशवीत आहेत, काढून द्यायला?"

पेटीचं मला शबानाने सांगितलं, एकदा एसटीत भेटली तेव्हा. आम्ही निघून गेलो त्या दुपारी रशीद टीव्हीसमोर बसला. वेलांटी मागच्या घरात नेऊन नीट केली. अक्षर झकास दिसायला लागलं. तिने विचारलं, आता कॅसेटवर उतरवून ठेवायचं ना? तो म्हणाला, नको. त्याने वायर काढली, पडदा काळा झाला, आणि पेटी कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. ती तिथेच राहिली. कुणी काढली नाही आणि कुणी टाकलीही नाही. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नीट केली ना पण?" मी "हो" म्हटलं. त्या मात्र दर रविवारी किकवीला जायच्या. कशाला, ते त्या सांगत नसत. तिकडून आल्या की पुढचे दोन दिवस त्यांच्या इस्त्रीच्या साडीला ऑइलचा वास यायचा.

पुढे माझी बदली साताऱ्याकडे झाली. बाई निवृत्त झाल्या. पत्रं लिहिण्यातल्या त्या नव्हत्या आणि फोनवर "बरी आहे"च्या पुढे जात नसत.

नंतर एकदा मी एसटीने पुण्याला निघाले होते. हायवे रुंद करायचं काम चाललं होतं. किकवीजवळ गाड्या अडकून पडल्या, आणि आमची गाडी नेमकी रशीदच्या शेडसमोर थांबली. शेड रस्त्यापासून मागे सरकली होती, पत्रे नवे होते. एक ट्रक जॅकवर उचललेला, त्याच्याखालून रशीदचे फक्त पाय दिसत होते. शेजारी उपड्या डब्यावर इनामदार बाई बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, पदर डोक्यावर, मांडीवर पान्यांचा ट्रे. मी खिडकीतून हाक मारली, पण खडी टाकणाऱ्या डंपरच्या आवाजात ती पोचली नाही. ट्रकखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला. बाईंनी चष्मा वर करून एक पाना निवडला आणि त्या हातावर ठेवला. हात आत गेला आणि लगेच पाना घेऊन परत आला. तो नको होता. बाईंनी तो काढून घेतला, पुसून ट्रेमध्ये ठेवला आणि खाली वाकून काहीतरी विचारलं. आतून काय उत्तर आलं कोण जाणे. त्या पुन्हा शोधायला लागल्या आणि हात तसाच, उघडा, वाट बघत राहिला. तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि आमची एसटीही.